चावा आजचा, पौर्णिमा पुढच्या महिन्यात : लांडग्याचा शाप टेबलावर कसा चालवावा

तुमचा प्रश्न वाचला. थोडक्यात असा : सांगलीत चार प्लेअर्सचे टेबल, डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून गोष्ट रचत खेळायच्या खेळाची पाचवी आवृत्ती, पुस्तके २०१४ ची, सगळे तिसऱ्या लेव्हलला. मुलूख तुम्ही आपलाच घेतलाय, माणदेशापासून चांदोलीच्या जंगलापर्यंत, फक्त नावे बदलून. फायटरला (योद्ध्याचे कॅरेक्टर) वेअरवुल्फ (लांडगा होणारा माणूस) चावला, सेव्ह म्हणजे बचावाचा फासा हुकला आणि लायकॅन्थ्रोपी, म्हणजे लांडगा होण्याचा शाप, लागली. तेव्हापासून सहा सेशन झाली. तो खूश आहे, कारण साध्या तलवारी-बाणांनी त्याला ओरखडाही उठत नाही. बाकीचे तिघे वैतागलेत. तुम्ही विचारता की पौर्णिमेला तो लांडगा झाला की त्याचे कॅरेक्टर तुम्ही चालवायला घ्यावे का, आणि पाचव्या लेव्हलला क्लेरिकच्या (पुजारी कॅरेक्टर) हातात रिमूव्ह कर्स (शाप काढणारा मंत्र) आला की सगळे एका मिनिटात संपेल, त्याचे काय करावे.

दोन्ही प्रश्नांकडे येतो, पण दुखणे त्यांच्या आधीचे आहे. तुम्हीच लिहिलेय की सहा सेशनमध्ये खेळातले पाच दिवस गेले. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साडेएकोणतीस दिवस लागतात. याच गतीने गेलात तर एक पौर्णिमा यायला पस्तीस सेशन हवीत, म्हणजे दर रविवारी न चुकता बसलात तरी आठ महिने. फायदा प्रत्येक लढाईत आणि तोटा आठ महिन्यांनी, असा हा व्यवहार आहे. तुमचा फायटर खूश नसता तरच नवल. त्याला लोभी समजू नका आणि बाकीच्यांना जळके समजू नका. नियमांनी दिलेला हिशेबच एका बाजूला कललेला आहे. फायदा ज्या गतीने मिळतो त्याच गतीने किंमत वसूल झाली पाहिजे. पुढे लिहितोय ते सगळे या एका गोष्टीतून निघते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. कॅम्पेनची, म्हणजे चालू गोष्टीची, पाच-सहाच सेशन उरली असतील तर यातले काही करू नका. क्लेरिकला शाप काढू द्या, नाहीतर एखाद्या देवळातला पुजारी गाठून द्या आणि मूळ गोष्टीकडे वळा. टेबलावर कोणाला ताबा सुटणे, बेशुद्धीत हातून हिंसा घडणे असले प्रसंग नको असतील तर तेही आधी विचारून घ्या, सगळ्यांसमोर नव्हे, एकेकट्याला. आणि नव्या पुस्तकांवर जाणार असाल तर तिथे पायाच बदललाय. नव्या वेअरवुल्फला शस्त्रांपासूनचे संरक्षण उरलेले नाही, आणि त्याचा शाप लागलेला माणूस शून्य हिट पॉइंटवर (जीव मोजायचे गुण) आला की दहा हिट पॉइंटचा वेअरवुल्फ होऊन डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, हाती जातो. छोट्या कॅम्पेनला तो नियम चांगला आहे. लांब गोष्टीला मला तो अपुरा वाटतो, कारण शून्यावर येईपर्यंत शाप कुठे जाणवतच नाही.

आता संरक्षणाचे. २०१४ च्या नियमात शापित कॅरेक्टरला जादू किंवा चांदी नसलेल्या शस्त्रांच्या हल्ल्यापासून पूर्ण संरक्षण मिळते, तेही माणसाच्या रूपात असतानासुद्धा. आधी एवढे तपासा की तुम्ही ते नियमापेक्षा जास्त तर देत नाही ना. संरक्षण फक्त हल्ल्यांना लागू आहे. कड्यावरून पडणे, आग, विष, बुडणे या सगळ्याने त्याला इतरांइतकेच लागते. तरीही तिसऱ्या लेव्हलला हे फार होते, कारण या पातळीवरच्या शत्रूंपैकी जादूचे शस्त्र जवळजवळ कोणाकडेच नसते. काही डीएम मग प्रत्येक डाकूच्या हातात चांदीची तलवार देतात. ते करू नका. शस्त्राला चांदी चढवायला शंभर सोन्याची नाणी लागतात. एवढे पैसे असलेला माणूस डाकू कशाला होईल? प्लेअरला ती लबाडी लगेच कळते.

मी पूर्ण संरक्षण काढून त्याजागी प्रत्येक घावातून तीन कमी करतो, चांदी आणि जादू सोडून. जुन्या साडेतीन आवृत्तीत शाप लागलेल्याला पाच कमी होत, पण तिसऱ्या लेव्हलला पाच जास्त पडतात. गॉब्लिनचा घाव सहाच्या फाशावर अधिक दोन, म्हणजे सरासरी साडेपाच. त्यातून पाच काढले तर उरले काय? तीन काढले तर अडीच उरतात. ओगरचा घाव सरासरी तेराचा, तो दहा होतो. छोट्यांची भीती कमी होते, मोठ्यांची राहते. संपूर्ण संरक्षण हवेच असेल तर ते फक्त अर्धलांडग्याच्या रूपात द्या, आणि त्या रूपात जाण्याची किंमत लावा. ती किंमत म्हणजे भूक.

भूक ही शून्य ते सहा अशी मोजायची. पत्त्याच्या कॅटएवढ्या कागदावर सहा चौकोन काढा आणि तो कागद टेबलाच्या मध्यभागी ठेवा, तुमच्या पडद्यामागे नको. सगळ्यांना दिसला पाहिजे, कारण भूक वाढताना बाकीचे तिघे काय करतात यावरच मजा उभी आहे. लढाईत त्याचे हिट पॉइंट निम्म्यावर आले की एक चौकोन भरा. अर्धलांडग्याचे रूप घेतले की एक. झोपेविना रात्र गेली की एक. पूर्ण विश्रांती घेताना कोणी सोबती त्याच्याजवळ जागत बसला तर एक पुसा. कच्चे मांस खाल्ले तर दोन पुसा, पण ते गावात, लोकांच्या नजरेत करता येत नाही.

रक्ताचा वास, समोर पडलेला जखमी, घाबरून पळणारे माणूस किंवा जनावर, असे काही आले की त्याने विस्डमचा, म्हणजे मनाच्या ताब्याचा, सेव्ह करायचा. वीसच्या फाशावर गाठायचा अंक आठ अधिक भूक. त्याचा विस्डम अधिक एक असेल तर भूक तीनवर असताना निभावण्याची शक्यता ५५ टक्के, सहावर ४० टक्के. एका सेशनमध्ये हा सेव्ह दोनदाच मागा. तिसऱ्यांदा मागितलात की तो कंटाळा होतो. सेव्ह हुकला तर कॅरेक्टर त्याच्याकडेच राहू द्या आणि तीनपैकी एक निवडायला सांगा : पडलेल्यावर तुटून पडायचे, एक फेरी लढाई सोडून अंधारात निघून जायचे, की स्वतःला आवरून थकव्याची एक पायरी घ्यायची. निवड त्याची, नुकसानही त्याचेच. हुकलेल्या सेव्हवर ‘तू आता मित्राला मारतोस’ असे डीएमने जाहीर केले की प्लेअर मोबाइल काढतो. तीन वाईट वाटांमधली एक त्याला निवडावी लागली की तो खुर्चीत पुढे सरकतो.

पौर्णिमेबाबत आपण एका गोष्टीत नशीबवान आहोत. तिथी आपल्या प्लेअर्सना समजावून सांगावी लागत नाही. खेळातल्या जगाला सरळ पंचांगाचा महिना द्या आणि प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला तिथी मोठ्याने सांगा. बदलाच्या रात्री तीन ठेवा : चतुर्दशी, पौर्णिमा, प्रतिपदा. पौर्णिमेचा चंद्र साधारण सूर्यास्तालाच उगवतो आणि रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येत जातो. म्हणून चतुर्दशीला दिवस मावळायच्या आधीच चंद्र वर आलेला असतो, आणि प्रतिपदेला दिवस मावळल्यावर पाऊण-एक तास मोकळा मिळतो. तीन रात्री आपोआप तीन वेगळे प्रसंग होतात. पहिल्या रात्री उजेडातच गाठते, लोक रस्त्यावर असतात. दुसऱ्या रात्री तयारी असते. तिसऱ्या रात्री सगळे थकलेले असतात, पण हातात एक तास असतो.

चावा कोणत्या तिथीला झाला हे तुम्ही अजून सांगितले नसेल तर आताच ठरवा. आज शुद्ध पंचमी धरा, म्हणजे पौर्णिमा दहा दिवसांवर येते. दहा दिवसांत एक प्रवास बसतो, आणि प्रवास हे दिवस ढकलण्याचे उत्तम साधन आहे. माणच्या माळावरून चांदोलीच्या रानापर्यंत बैलगाडीच्या वेगाने जायला सांगा. आठवडा एका सेशनमध्ये संपेल आणि कोणाला ओढूनताणून वाटणार नाही.

बदलाच्या रात्री कॅरेक्टर काढून घेऊ नका. लांडगा त्यालाच खेळू द्या. त्याला एक चिठ्ठी द्या, तिच्यावर तीनच ओळी : कशामागे धावायचे, कशाला घाबरायचे, कोणाचा वास ओळखीचा वाटतो. ही तिसरी ओळ सर्वात महत्त्वाची. तिच्यामुळे सोबत्यांना त्याच्याशी लढण्याखेरीज दुसरे काहीतरी करता येते. एक बंधन टेबलावर आधीच सांगून ठेवा : लांडगा सोबत्याला शून्यावर आणू शकतो, त्याला ओढत नेऊ शकतो, पण तो त्याला ठार करत नाही. आणि घड्याळ लावा. तीन तासांच्या सेशनमध्ये ही रात्र पंचवीस मिनिटांत संपली पाहिजे, नाहीतर तीन जण एका जणाचा खेळ बघत बसतात.

बेड्यांचा प्रश्न हमखास येतो. पुस्तकातली बेडी तोडायला स्ट्रेंग्थच्या, म्हणजे ताकदीच्या, फाशावर वीस लागतो. वेअरवुल्फमुळे स्ट्रेंग्थ किमान पंधरा होते, म्हणजे अधिक दोन. वीसच्या फाशावर अठरा किंवा वर पडायला हवे, एका वेळेस १५ टक्के. हे ऐकून प्लेअर्स निर्धास्त होतात. पण रात्रभर किती प्रयत्न, हे तुम्ही ठरवले नसेल तर गडबड होते. दहा प्रयत्न दिले तर बेडी तुटण्याची शक्यता ८० टक्क्यांवर जाते. तीन दिले तर ३९ वर राहते. मी तीनच देतो : चंद्र उगवताना, मध्यरात्री आणि पहाटेच्या थोडे आधी. नुसता सुंभाचा दोर असेल तर सतरा लागतो, तीन प्रयत्नांत ६६ टक्के. आणि पूर्ण लांडग्याच्या बारीक पायातून माणसाच्या मनगटाची बेडी निसटते का, हेही आधीच ठरवा. निसटते असे ठरवलेत तर त्यांना सांगा, म्हणजे ते लोहाराकडे जातील. लोहार विचारेल, ‘एवढी बारीक बेडी कशाला हवी?’ तिथून एक चांगला प्रसंग सुरू होतो.

लांडगा सुटलाच तर रात्रीपेक्षा सकाळ रंगवा. मुलूख तुमच्या ओळखीचा आहे, त्याचा उपयोग करा. आपल्याकडचा लांडगा माळरानाचा. तो पूर्वेकडे, माण-खटाव-जतच्या उघड्या गवताळ पट्ट्यात, जिथे पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटर पडतो. पश्चिमेचे चांदोली-कोयनेचे रान वाघ-बिबट्याचे. तेव्हा चावा माणदेशातला असेल तर लांडग्याची ओढही परत माळाकडेच असू द्या, मेंढरांच्या वाड्याकडे. सकाळी त्याला एवढेच सांगा : ‘तू ओढ्याच्या वाळूत उठतोस. थंडी आहे. तोंडात काहीतरी ओले, तेलकट अडकलेय, जिभेने निघत नाही. बोटाने ओढतोस तर काळी लोकर, घोंगडीला येते तो वास. डाव्या पायाला मेंढरांभोवती लावतात त्या वाघरीची दोरी गुंडाळलेली आहे, जाळीच्या दोन गाठींसकट.’ आणि थांबा. वाड्यावर काय झाले ते सांगू नका. त्यांना जाऊन बघू द्या. तिथे तीन मेंढ्या मेलेल्या आणि एकही खाल्लेली नाही. पुस्तकाच्या भावाने तीन मेंढ्यांची किंमत सहा नाणी, फायटर ती लगेच काढून देईल. म्हणून नुकसान नाण्यांत ठेवू नका. धनगर पैसे घेईल, आणि पुढच्या चार वाड्यांवर निरोप जाईल की या लोकांना रात्रीचा आसरा देऊ नका. पूर्ण विश्रांती मिळणे अवघड झाले की कागदावरची भूक वाढते. शाप असा एकातून दुसऱ्यात गेला पाहिजे.

इथे एक गोष्ट मनापासून सांगतो. आपल्या मातीतला रंग भरताना करणी, देवऋषी, अंगात येणे, गावातल्या एखाद्या बाईवर बोट, हे सगळे हाताशी असते आणि पटकन परिणाम साधते. ते वापरू नका. दाभोलकर आपल्या शेजारच्या साताऱ्याचेच. २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला तो खऱ्या माणसांच्या खऱ्या छळावरून झाला, आणि तुमच्या टेबलावरच्या कोणाच्या घरात तसे काही घडले असेल तर तुम्हाला ते माहीत असेलच असे नाही. शाप जनावराकडून येतो, चाव्यातून येतो, एवढे पुरे. तसेच वाघाचे रूप घेणारा शत्रू आणलात तर त्याला वाघ्या म्हणू नका. ती खंडोबाची जिवंत परंपरा आहे. वाघोबाची ठाणीही सह्याद्रीत आजही पुजली जातात. ती राक्षसाचे घर म्हणून दाखवली की कोणीतरी गप्प होते आणि का ते सांगत नाही.

आता रिमूव्ह कर्स. चाव्याने लागलेला शाप या तिसऱ्या पायरीच्या स्पेलने नियमाप्रमाणे एका झटक्यात जातो. क्लेरिकला तो पाचव्या लेव्हलला मिळतो. ‘माझ्या जगात हा स्पेल चालत नाही’ असे ऐनवेळी सांगणे म्हणजे क्लेरिकवर अन्याय. पण साडेतीन आवृत्तीत एक चांगली अट होती, ती उचला : शाप काढायचा तर पौर्णिमेच्या तीन दिवसांतच. इतर दिवशी तो स्पेल वाया जात नाही, भूक शून्यावर आणतो आणि दुसऱ्या दिवशी सूर्योदयापर्यंत तिथेच ठेवतो. म्हणजे क्लेरिकच्या हातात लगेच काहीतरी येते, आणि खरा उपाय मात्र सगळ्यांना मिळून करावा लागतो. ही अट क्लेरिकला आजच सांगा, दोन लेव्हल आधी.

त्या रात्री स्पेल टाकल्यावर शापित कॅरेक्टरने तीन विस्डम सेव्ह करायचे, अंक पंधरा, तीनपैकी दोन जमले की सुटका. एकट्याने केला तर एका सेव्हची शक्यता ३५ टक्के. पण प्रत्येक सेव्हला एका सोबत्याने हात लावायचा, एकाने एकदाच : त्याला धरून ठेवणे, नावाने हाक मारत राहणे, स्वतः जखम सोसणे. तो काय करतो ते त्याने सांगायचे. मग दोन फासे टाकून मोठा घ्यायचा, शक्यता ५८ वर जाते. तीन सेव्ह, तीन सोबती. सगळे मिळून सुटकेची शक्यता सुमारे ६१ टक्के होते. हरले तर पुढची पौर्णिमा आहेच. तीन महिने झुलवत मात्र ठेवू नका. दुसऱ्या प्रयत्नाला अंक बारावर आणा.

शक्यता वाढवायला एक औषध शोधायला लावा. साडेतीन आवृत्तीत चाव्यानंतर तासाभरात एक विषारी वनस्पती खाऊन दुसरा सेव्ह मिळत असे. आपल्याकडे त्या धर्तीवर बचनाग सुचतो. तो खेळात आणा, पण हौसेने काष्ठौषधीच्या दुकानातून खरा आणून टेबलावर ठेवू नका. जहाल विष आहे ते. त्याहून मला कारवी आवडते. साताऱ्याच्या डोंगरात ती सात-आठ वर्षांतून एकदा सामूहिक फुलते. औषध कारवीच्या फुलाचे, आणि हे वर्ष फुलायचे नाही, अशी अडचण उभी करा. मग कोणीतरी म्हणेल, फूल नाही तर मध असेल की. मागच्या फुलोऱ्याचा मध कोणाच्या तरी घरी बुधल्यात जपून ठेवलेला असणार. तो कोणी ठेवला, कोणासाठी ठेवला आणि का देईल, यात एक पूर्ण सेशन जाते. मध मिळाला तर सेव्हचा अंक तेरा करा. सुटकेची शक्यता ६१ वरून ७८ होते. एवढा फरक प्लेअर्सना फाशावर जाणवतो.

पुढे कधी वेअरवुल्फ आणाल तर चाव्याची शक्यता आधी काढत चला. अधिक चारचा चावा, समोर आर्मर क्लास (घाव लागायला गाठायचा अंक) सोळा, म्हणजे लागायची शक्यता ४५ टक्के. मग बाराचा कॉन्स्टिट्यूशन, म्हणजे शरीराच्या चिवटपणाचा, सेव्ह, तुमच्या फायटरचा अधिक चार असेल तर हुकायची ३५. एका फेरीत साधारण १६, चार फेऱ्यांत ५० टक्के. एकच वेअरवुल्फ सोडला तरी शाप लागणे हा अपघात नसतो, नाणेफेक असते. नको असेल तर त्याच्या हातात भाला द्या. आणि फायटर स्वतः लांडग्याच्या रूपात माणसाला चावला तर शाप पुढे जातो, हे त्याला पहिल्या चाव्याच्या आधीच सांगून टाका. नाहीतर कोणीतरी गावभर फौज तयार करायला निघतो.

फायटरला हे सगळे कसे सांगायचे हा तुमचा न विचारलेला प्रश्न. सेशनच्या आधी, एकट्याला, आणि त्याचे काहीतरी काढून घेतोय अशा सुरात नको. साधारण असे लिहा : ‘तुझा लांडगा पुढच्या चार-पाच सेशनची मुख्य गोष्ट करायची आहे. त्यासाठी संरक्षण प्रत्येक घावाला तीन करतोय, आणि अर्धलांडग्याचे रूप तुला हवे तेव्हा घेता येईल, त्याची भूक वाढेल. पौर्णिमेच्या रात्री तोच तू खेळशील, मी नाही. शेवटी शाप जावा असे तुला वाटते की राहावा? आणि तुझ्या हातून काय घडलेले तुला अजिबात चालणार नाही?’ शेवटच्या प्रश्नाचे उत्तर येईपर्यंत चिठ्ठीवरच्या तीन ओळी लिहू नका.